खरखर गेली आणि गाणंही गेलं

प्रश्न : आमच्याकडे आजोबांच्या नाट्यसंगीताच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डी आहेत. सांगलीत एकाकडून पेनड्राइव्हवर करून घेतल्या. खरखर अजिबात नाही, पण आवाज पाण्यात बुडून गायल्यासारखा येतोय. काकांच्या चावीच्या ग्रामोफोनवर तीच रेकॉर्ड खरखरते पण शब्द न् शब्द कळतो. असं का?

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : कारण खरखर काढताना गाणंही काढलंय हो! या तबकड्यांत लाखेबरोबर दगडाची बारीक पूड असायची, जड सुईने झिजू नयेत म्हणून, आणि सुई त्याच पुडीवर घासते म्हणून ती सळसळ येते. आता ही सळसळ आणि गाण्यातले स, श, त, च हे सगळे वरच्याच पट्ट्यात राहतात, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन फुल केलं की दोन्ही एकदम जातात. 1925 च्या आधीच्या, कर्ण्यात गाऊन केलेल्या रेकॉर्डींत वरचं मुळातच कमी असतं, तिथे थोडं कापलं तर चालतं. पण मायक्रोफोन आल्यानंतरच्या रेकॉर्डींत असं करणं म्हणजे नासाडी, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं.

त्या माणसाकडे आधी कच्ची फाइल मागा, काहीच साफ न केलेली, 24 बिटची वेव्ह (WAV) फाइल, एमपीथ्री नको. नसेल त्याच्याकडे तर परत करून घ्या, आणि सुई कुठली लावणार ते विचाराच. एलपीची, म्हणजे नंतरच्या प्लॅस्टिकच्या रेकॉर्डींची, सुई साधारण 25 मायक्रॉनची, तर तुमच्या 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या रेकॉर्डींच्या, खाचेला 75 मायक्रॉनच्या आसपासची लागते, बारीक सुई तळाशी जाऊन घाण उकरत बसते आणि मग खरखर दुप्पट. एलपीचं आरआयएए इक्वलायझेशनही, म्हणजे एलपीसाठी ठरलेलं आवाजाच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांचं कमी-जास्त करणं, तसंच लावलेलं असेल तर वरचा आवाज अजून दबतो, तेही बंद करायला सांगा.

स्पीड पण बघा. सगळ्या 78 लाच कापलेल्या नसायच्या, 80 ची रेकॉर्ड 78 ला लावली तर सूर चांगला पाव स्वराच्या आसपास उतरतो. साथीची पेटी तुमच्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी वाजत असेल तर स्पीडवर संशय घ्या, मिरज जवळच आहे, तिथल्या एखाद्या वाद्य लावणाऱ्याला ऐकवा, त्याचा कान लगेच सांगेल.

आणि पुसायला स्पिरिट किंवा सॅनिटायझर चुकूनही नको, लाख त्यात विरघळते.