कादंबरीतल्या थोरलीला शिक्षा जास्त झाली का?

चाळिशीच्या एक बाई एका कादंबरीवरून समुपदेशनाला आल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) कथेतली थोरली बहीण धाकटीला आलेलं नोकरीचं पत्र लपवते. कुणाला पत्ता लागत नाही. शेवटी थोरलीचा मुलगा बुडून मरतो. "तिला झाली ती शिक्षा योग्यच ना?" एवढंच बाई पुन्हापुन्हा विचारत होत्या, झोप उडाली होती.

अशा वेळी "हे तुमच्याबद्दल आहे का?" असं लगेच विचारलं की माणूस मिटतो. म्हणून आधी थोरलीचाच खटला चालवला. कागदावर चार रकाने: तिला काय माहीत होतं, हेतू काय होता, कुणाचं किती नुकसान झालं, त्यातलं काय भरून देता आलं असतं. थोरलीने जाणूनबुजून, मत्सरापोटी धाकटीची संधी घालवली, म्हणजे ती दोषीच. पण मुलाच्या मरणाचा पत्राशी संबंध लेखकाने जोडला तेवढाच. त्यातून धाकटीला काही परत मिळालं नाही, आणि मुलाने तर काहीच केलं नव्हतं.

फळं चोरून पळणारा मुलगा मोडक्या पुलावरून पाण्यात पडला, तर लहान मुलं म्हणतात, चोरी केली म्हणूनच पडला. स्विस मानसशास्त्रज्ञ जां पियाजे यांनी 1932 मध्ये हे मांडलं. वयाबरोबर ही समजूत मागे पडते, पण मनावर ओझं असलं की मोठ्यांतही डोकं वर काढते.

नुकसानीच्या रकान्यापाशी बाई थांबल्या. "मुलीला साधा ताप आला तरी वाटतं, आता माझी पाळी." आजारी वडिलांनी भावाला भेटायला बोलावलं होतं. भांडणाच्या रागात बाईंनी निरोप दिलाच नाही, आणि वडील गेले. बाबांनी आपली आठवणही काढली नाही, असं भाऊ तेव्हाही समजत होता.

पुढची पायरी जबाबदारीच्या वर्तुळाची. भेट न होण्याची सगळी कारणं लिहून प्रत्येकाला टक्के द्यायचे, स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी. तो आधी लिहिला तर 100 च होतो. भावाने स्वतःहून फोन न करणं, आजार अचानक बळावणं, हे धरून बाईंचा वाटा 40 वर आला. तो शून्यावर आणायचा नसतो. "तुमचा काही दोष नाही" हे ऐकणाऱ्याला खोटं वाटतं आणि बोलणं तिथेच संपतं.

राहिला प्रश्न सांगण्याचा. प्रत्येक गुपित उघड करायचं नसतं. कुणावर हिंसेची वेळ येणार असेल तर आधी सुरक्षितता, कायद्याची बाब असेल तर आधी वकील. आणि "मला शिक्षा व्हायलाच हवी" म्हणणाऱ्याला स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारावं. होय म्हटलं तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ.

इथे तसं काही नव्हतं. बाईंनी चार वाक्यं लिहून घोकली: "दादा, बाबांनी तुला बोलावलं होतं. मी रागात होते, निरोप दिला नाही. त्यांना तुझी आठवण नव्हती असं तुला वाटत राहिलं, ते माझ्यामुळे. तुला काय विचारायचं ते विचार." यात "पण" नाही, माफीची मागणी नाही. तिथेच रडू कोसळलं तर तोच समजूत घालत बसतो, म्हणून मोठ्याने सराव करून घेतला.

भाऊ ऐकून उठून गेला आणि काही महिने बोलला नाही. ही शिक्षा म्हणायची तर म्हणावी. निदान ती चुकीशी जोडलेली होती आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडून आली होती. मग त्याचा फोन आला: बाबा नेमकं काय म्हणाले होते? बाईंनी आठवत होतं तेवढंच सांगितलं, पदरचं काही घातलं नाही.