मोठ्या क्लबचा टी-शर्ट की रविवारची मॅच?

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की फुटबॉलचे प्रश्न पाठवा, तर पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळं मिळून ढीग झाला. कुस्तीच्या पट्ट्यात फुटबॉलवर एवढं येईल असं संपादकांना वाटलं नव्हतं, मला वाटलं होतं. निम्म्या प्रश्नांचं मूळ एकच आहे, पोरगं इथं चांगलं खेळतंय, आता पुढं कुठं? म्हणून यावेळी तेवढेच घेतले.

प्रश्न : मी मिरजेत बीएस्सीला आहे. ग्रुपमध्ये रोज भांडण होतं. मी म्हणतो मोठ्या क्लबनं बोलावलं की डोळे झाकून जायचं, चान्स परत येत नाही. मित्र म्हणतो हालंडसारखं एकेक पायरी चढायची. बरोबर कोण?

मित्राला चहा पाज. पण अर्धा कपच, कारण तूही पूर्ण चुकीचा नाहीस.

नॉर्वेतलीच दोन पोरं घे, ओडेगार्ड आणि तुझ्या मित्राचा हालंड, हिशोब सोपा पडतो. मार्टिन ओडेगार्ड (तिकडं ओडेगोर असा काहीसा उच्चार करतात, आपण ओडेगार्डच म्हणू) तिथल्याच स्ट्रॉम्सगोडसेट क्लबकडून खेळत होता, पंधराव्या वर्षी देशाच्या मेन टीममध्ये, आणि जानेवारी २०१५ मध्ये, सोळा पूर्ण होऊन जेमतेम महिना झाला असेल, डायरेक्ट रिअल माद्रिद. त्याच मे महिन्यात रोनाल्डो बाहेर आला आणि हा आत गेला, माद्रिदकडून उतरलेला सगळ्यात लहान खेळाडू, फोटो जगभर. आणि मग? मग बी टीम. सराव मोठ्यांबरोबर, मॅच दुसऱ्यांबरोबर, म्हणजे मांडवात खुर्ची आहे पण पंगतीत पान नाही. २०१७ पासून लोनवर, म्हणजे करार माद्रिदचाच पण खेळायला दुसऱ्या क्लबकडं उसना, हेरेनवीन, मग व्हिटेस, मग रिअल सोसिएदाद, आणि तिथं पोरगं खरं फुललं, दर आठवड्याला खेळायला मिळत होतं ना. फेब्रुवारी २०२० मध्ये कोपा देल रे ह्या स्पेनच्या कपच्या क्वार्टर फायनलला सोसिएदादनं माद्रिदला त्यांच्याच मैदानावर ४-३ नं घरी बसवलं, त्यात पहिला गोल ह्याचा, आपल्याच मालकाच्या दारात! पुढं आर्सेनल, आणि २०२२ मध्ये तिथला कॅप्टन. म्हणजे पोचला, पण मधली पाच-सहा वर्षं बॅग भरण्यात आणि उघडण्यात गेली.

आता हालंड. ब्रिने हे छोटं गाव, तिथून मोल्डे, जिथं कोच सोल्शायर होता. जानेवारी २०१९ ला ऑस्ट्रियाचा साल्झबर्ग क्लब, आणि हे कुणी सांगत नाही की पहिल्या सहा महिन्यांत त्याला लीगमध्ये दोनच मॅच मिळाल्या. पण पुढच्या सीझनला जागा मोकळी झाली आणि सप्टेंबरमध्ये चॅम्पियन्स लीगच्या पहिल्याच मॅचला हॅटट्रिक, गेंक विरुद्ध. तेव्हा मोठमोठी नावं मागं लागली होती, हा गेला जर्मनीच्या डॉर्टमुंडला, कारण तिथं तरण्या पोरांना खेळवतात हे सगळ्यांना माहीत. जानेवारी २०२० मध्ये ऑग्सबुर्गविरुद्ध टीम ३-१ नं मागं असताना बेंचवरून आला आणि हॅटट्रिक मारून ५-३ करून टाकलं. मँचेस्टर सिटी त्यानंतर अडीच वर्षांनी, आणि तिथल्या पहिल्याच सीझनला लीगमध्ये ३६ गोल.

फरक टॅलेंटचा नाही रे. फरक एवढाच की एकानं निवडलं क्लबचं नाव आणि दुसऱ्यानं निवडली त्या टीममधली रिकामी जागा. आणि हेही खरं की हालंडचा बाप स्वतः इंग्लंडमध्ये खेळलेला, त्याच्या घरात रस्त्याचा नकाशा भिंतीला टांगलेला होता, आपल्या पोरांच्या घरात कॅलेंडर असतं.

आपल्याकडची उदाहरणं पण बघ. सुनील छेत्री २०१२ ला पोर्तुगालच्या स्पोर्टिंगला गेला, खेळायला मिळालं बी टीमकडून, आणि काही महिन्यांत लोनवर गोव्यात चर्चिल ब्रदर्सकडं परत. गुरप्रीत संधू २०१४ ला ईस्ट बंगाल सोडून नॉर्वेच्या स्टाबेककडं गेला, पहिल्या कीपरच्या मागं बराच काळ थांबला, आणि २०१६ मध्ये युरोपा लीगच्या क्वालिफायरला उतरला, तिथं खेळणारा पहिला भारतीय. कीपरला थांबणं परवडतं, त्याचं करिअर लांब असतं. विंगरचे, म्हणजे कडेनं पळणाऱ्याचे, पाय थांबत नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, कराडला शिकतो, शाळेच्या टीमबरोबर विभागापर्यंत खेळला. एका गृहस्थांनी स्पेनच्या क्लबमध्ये ट्रायल आणि ॲडमिशन करून देतो म्हणून साडेतीन लाख मागितलेत. मिस्टर म्हणतात जमिनीवर कर्ज काढू. काय करावं?

ताई, आज रात्री मिस्टरांना हे वाचून दाखवा आणि कर्जाचे कागद कपाटात ठेवा.

फिफाचा नियम आहे, कलम १९, अठरा वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात ट्रान्सफर होत नाही. अपवाद आहेत, पण मोजके. आईवडील फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणानं तिकडं राहायला गेले तर, किंवा युरोपातल्या युरोपात सोळाच्या पुढच्या पोरांना, किंवा घर आणि क्लब दोन्ही सरहद्दीपासून ५० किलोमीटरच्या आत असतील तर. कराडपासून ५० किलोमीटरवर सातारा लागतो, स्पेन नाही.

मग ते गृहस्थ देणार काय? बहुतेक वेळा तिकडची फी भरून राहायची प्रायव्हेट ॲकॅडमी असते, म्हणजे हॉस्टेलवाला क्लासच, फक्त विमानानं जायचं. शिकायला वाईट असेलच असं नाही, पण त्याला क्लबनं घेतलं म्हणत नाहीत. आणि एजंट म्हणवत असतील तर फिफाचं लायसन मागा, त्याची परीक्षा असते, नाव फिफाच्या यादीत दिसतं. खरा एजंट करार झाल्यावर त्यातून कमिशन घेतो, ट्रायलच्या आधी शेतकऱ्याकडून लाख घेत नाही.

तुमच्या शेजारच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायला लोकांनी पैसे उभे केले, कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवलं, १९५२ ची गोष्ट, सगळ्यांना पाठ आहे. पण तिथं निवड आधी झाली होती आणि पैसे नंतर निघाले. तुमच्याकडं उलटं चाललंय.

माझं सांगतो. सतराव्या वर्षी सांगलीहून रात्रीच्या एसटीनं पुण्याला एका ट्रायलला गेलो, फी भरून. छातीवर पिनेनं नंबराची चिठ्ठी, दोनशेच्या वर पोरं, दोन सर, त्यातले एक फोनवर. मी मिडफिल्डचा, मला टाकलं राइट बॅकला, बारा मिनिटांत बॉल तीनदा माझ्याकडं आला, त्यातला एक थ्रो-इन. नवीन बुटानं टाच सोलून मोजा लाल झालेला. "लेटर येईल" म्हणाले. आई दोन महिने पोस्टमनला विचारत होती.

मुलाला अजून दोन वर्षं आहेत. सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्या, आयएसएल (इंडियन सुपर लीग) क्लबांच्या ज्युनिअर टीम्स, इथं आधी बघा. आणि जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला तिन्हीवर तारीख एकच आहे का तेही बघा, मनगटाचा एक्स-रे काढून वय तपासतात, चांगली चांगली पोरं तिथं बाहेर पडलीत.

प्रश्न : तासगाव भागात मी पंधरा वर्षं फुकट पोरांना शिकवतो. एखादं पोरगं मोठ्या क्लबला गेलं तर आमच्या मंडळाला काही मिळतं का? की फक्त फ्लेक्सवर फोटो?

मिळतं मास्तर, पण कागद असेल तर.

करार चालू असताना खेळाडू पैसे देऊन दुसऱ्या देशातल्या क्लबला विकला गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के, त्याला १२ ते २३ वयात ज्या ज्या क्लबांनी घडवलं त्यांच्यात वाटायचे असतात. १२ ते १५ च्या प्रत्येक वर्षाला रकमेच्या पाव टक्का, १६ ते २३ च्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. समजा तुमच्याकडं चार वर्षं, बारापासून पंधरापर्यंत होता आणि पुढं कधी १० कोटीला विकला गेला, तर तुमचे झाले १० लाख. करार संपवून फुकट गेला तर ह्यातून शून्य. पहिला प्रोफेशनल करार होतो तेव्हाची ट्रेनिंगची भरपाई वेगळी असते. २०२२ पासून हे पैसे फिफाच्या क्लिअरिंग हाऊसमधून फिरतात.

अडचण अशी की तुमचं मंडळ राज्य संघटनेला, म्हणजे विफाला जोडलेलं पाहिजे आणि पोराचं नाव देशाच्या फुटबॉल फेडरेशनच्या ऑनलाइन रजिस्ट्रेशनमध्ये तुमच्या नावावर चढलेलं पाहिजे. गणेश मंडळाच्या पावती पुस्तकावर लिहिलेलं चालत नाही. पोरांना रजिस्ट्रेशनसाठी सायबर कॅफेत घेऊन जायचा कंटाळा करू नका, मी पण केला होता, दोन पोरं हातची गेली.

प्रश्न : मी १९ वर्षांचा, सांगलीचा, फॉरवर्ड. दोन वर्षं कोल्हापुरात एका तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळतो, शाहू स्टेडियमवर लोक नावानं ओळखतात. आता बाहेरच्या एका मोठ्या क्लबच्या रिझर्व्ह टीमनं बोलावलंय, पैसे इथल्यापेक्षा कमी. जाऊ का?

जा.

वर मिरजेच्या पोराला डोळे झाकून जाऊ नको अशा अर्थाचं सांगितलं आणि तुला जा म्हणतोय, कारण गणित तेच आहे, नीट खेळायला कुठं मिळतं. कोल्हापूरचा सीझन म्हणजे जत्रा, पेठापेठांची ईर्षा, गॅलरी भरलेली, असा माहौल मी भल्याभल्या स्टेडियमला बघितला नाही, पण आठवड्याचा नीट सराव आणि वर्षभराची लीग हे वेगळं प्रकरण. तिथलाच अनिकेत जाधव २०१७ चा १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला, मग इंडियन ॲरोजकडून आय-लीग. ती सगळी पोरांचीच टीम, मोठ्या माणसांसमोर, त्या सीझनला तळाला राहिली, पण मिनिटं मिळाली की. पुढं जमशेदपूर आणि आयएसएल.

फक्त सही करायच्या आधी विचार की रिझर्व्ह टीमच्या वर्षात मॅच किती, तुझ्या जागेवर आधीच किती जण, आणि गुडघा गेला तर ऑपरेशनचा खर्च कोण करणार. शेवटचं तोंडी सांगितलं तर ऐकू नको, कागदावर घे. पहिले तीन महिने तुला कुणी ओळखणार नाही, हॉटेलवाला चहाचे पैसे घेईल. इथं घेत नव्हता ना?

प्रश्न : वय २२, कंपनीत शिफ्टला आहे, कुपवाड. उशीर झाला का?

इंग्लंडचा जेमी वार्डी तुझ्या वयाचा असताना कारखान्यात काम करून छोट्या क्लबकडून खेळत होता. लेस्टर क्लबनं घेतला तेव्हा पंचविशीचा, २०१६ ला प्रीमिअर लीग जिंकला. असा एखादाच होतो हे पण लिहून ठेव. बाकी आमच्या ग्राउंडला बुधवारी सहाला ये, पहिली शिफ्ट असेल तर जमेल. बूट घेऊन ये मात्र, मागच्या वेळी तिघं चपलेवर आले होते.