दोन्ही बोआ साप अल्बिनो (अंगात काळा रंग न बनणारे), तरी सगळी पिल्लं नॉर्मल कशी झाली?
बहुतेक तुमची जोडी दोन वेगळ्या लाईनची (वंशांची) आहे, एक 'काल' (Kahl) आणि एक 'शार्प' (Sharp). दिसायला दोन्ही अल्बिनोच, पण जीन वेगवेगळे आणि दोन्ही रिसेसिव्ह, म्हणजे आईबाप दोघांकडून तोच जीन आला तरच पिल्लू अल्बिनो होतं, इथे प्रत्येक पिल्लाला दोन्हींची एकेकच कॉपी मिळाली म्हणून सगळी नॉर्मल दिसतात. अमेरिकेतल्या ब्रीडर्सनी हे क्रॉस करून पाहिलंय, तिथेही असंच झालं. प्लीज ही पिल्लं एकमेकांत ब्रीड करू नका, पुढे अल्बिनो निघालं तर ते कुठल्या लाईनचं हे नुसतं बघून सांगता येत नाही आणि घेणारा फसतो. फक्त मादी आधी दुसऱ्या नराबरोबर असेल तर बाप वेगळाही असू शकतो, बोआ मादी स्पर्म बरेच महिने साठवून ठेवू शकते.