चित्रकाराच्या कामाच्या जागेला काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : पुण्यातल्या एका समकालीन चित्रकाराची कामाची जागा पाहून आल्यावर तुम्ही लेख लिहिलात, त्याला ‘कलादालनाला भेट’ असं शीर्षक दिलंत. एका वाचकाने हरकत घेतली. मग योग्य शब्द कोणता?

हरकत रास्त आहे. कलादालनात काम पुरं होऊन, चौकटीत बसून भिंतीवर आलेलं असतं. बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात आपण पाहायला जातो, तिथे कोणी ब्रश धूत बसलेलं नसतं. तुम्ही लिहिलंय ते टर्पेंटाइनच्या वासाबद्दल, भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या अर्ध्या कॅनव्हासांबद्दल. ‘कार्यशाळा’ हा शब्द अर्थाने चपखल बसला असता, पण त्याचा अर्थ आता दोन दिवसांचं प्रशिक्षण असाच होतो.

मला स्वतःला ‘चित्रशाळा’ फार आवडतो, आणि तो केवळ पोथीतला शब्द नाही. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त राणी धारिणी चित्रशाळेत जाऊन आचार्यांचं ताज्या रंगांचं चित्र पाहत असते, तेवढ्यात राजा तिथे येतो आणि त्या चित्रातली मालविका त्याच्या नजरेस पडते. रंग ताजे आहेत, म्हणजे चित्र नुकतंच हातावेगळं झालंय. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली चित्रं छापण्याचा छापखाना काढला, त्याचं नाव चित्रशाळाच ठेवलं. आणि कोकणात, गोव्यात गणपती घडवतात त्या जागेला आजही चित्रशाळा म्हणतात. कुठे नुसतं ‘गणपतीची शाळा’. या शाळेत फळा नसतो, माती आणि रंग असतात. ‘टांकसाळ’मधली ‘साळ’ही हीच, नाणी पाडण्याची जागा. तेव्हा घडवण्याच्या जागेला शाळा म्हणणं मराठीच्या अंगातच आहे.

तरी तुमच्या लेखात मी ‘स्टुडिओ’च ठेवीन. तुमचा चित्रकार व्हिडिओ आणि मांडणशिल्पंही (वस्तू जागेत मांडून उभी केलेली कामं, म्हणजे इन्स्टॉलेशन) करतो, तिथे ‘चित्र’ अपुरं पडतं. शिवाय तो स्वतः ‘मी स्टुडिओत आहे’ असंच म्हणत असणार, आणि ज्याची जागा त्याचा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. फक्त पहिल्या उल्लेखात ‘चित्रकाराचा स्टुडिओ’ असं पूर्ण लिहा. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली तेव्हापासून इथे नुसतं स्टुडिओ म्हटलं की अनेकांना सिनेमा आठवतो, नाहीतर पासपोर्टचे फोटो.

राहिलं ‘भेट देणं’. वाचकाने त्यावर काही म्हटलं नसलं तरी मला ते खटकलं. भेट पाहुणे देतात, संस्थेला, ठरलेल्या वेळी. तुम्ही तर दुपारभर त्या चित्रकाराशी बोलत, चहा घेत बसला होतात. ‘अमुक यांच्या स्टुडिओत’ एवढं शीर्षक पुरेल.