रिटर्न भरायला पैसे नेमके कशाचे द्यायचे?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नोकरी करतात, वय ३४, आर्थिक वर्ष २०२५-२६ चा पगार १४ लाख ६० हजार. राहतं घर आई-वडिलांचं, त्यामुळे एचआरएचा (घरभाडे भत्त्याचा) प्रश्न नाही. घराच्या डाउन पेमेंटसाठी त्यांनी इक्विटी म्युच्युअल फंडाची जुनी युनिट्स विकली, त्यात १ लाख ९० हजारांचा दीर्घकालीन नफा झाला. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच सरकारी पोर्टलवर आयकर रिटर्न भरलं होतं. यंदा भांडवली नफा आहे म्हणून एका अ‍ॅपवर गेल्या. सुरुवातीला ४९९ रुपयांची योजना दिसली, तीन तास माहिती भरल्यावर शेवटच्या पानावर ‘तुम्हाला कॅपिटल गेनवाली योजना लागेल, २,४९९’ असं आलं. वर जीएसटी, म्हणजे २,९४९. ओळखीचे सीए ४,००० म्हणतात. ऑफिसमधला एक जण ‘माझा माणूस रिफंडच्या १० टक्क्यांत काम करतो’ म्हणतो. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘शेअरमध्ये ४२ हजारांचा तोटा झालाय, पण तोट्यावर कर नसतो, तेव्हा तो दाखवायची गरज नाही ना?’

ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यात महागडा मुद्दा ही शेवटची ओळ आहे. अ‍ॅपच्या फीचं नंतर बघू.

तुम्ही पाठवलेल्या अ‍ॅपच्या हिशोबात भांडवली नफ्यावरचा कर ८,४५० दिसतो. तो कसा आला ते बघा. १ लाख ९० हजारांतून सव्वा लाखाची सूट गेली, राहिले ६५ हजार. त्यावर साडेबारा टक्के म्हणजे ८,१२५ आणि त्या करावर ४ टक्के सेस (उपकर). याचा अर्थ ४२ हजारांचा तोटा यात धरलेलाच नाही. तुम्ही ब्रोकरचं स्टेटमेंट जोडलं नाहीत आणि अ‍ॅपला तुमचा तोटा माहीत असण्याचं कारण नाही. तुमचा तोटा अल्पकालीन आहे, म्हणजे शेअर घेऊन वर्षाच्या आत विकल्याचा, आणि असा तोटा दीर्घकालीन नफ्यातूनही वजा करता येतो (उलटं चालत नाही, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच जातो). तो वजा केला की नफा उरतो १ लाख ४८ हजार, सूट गेल्यावर २३ हजार, आणि कर सेस धरून २,९९०. फरक ५,४६० रुपयांचा. अ‍ॅपची फी आणि हा जादा कर मिळून तुमचे आठ हजारांहून जास्त गेले असते, आणि रिटर्न ‘व्यवस्थित भरलं’ असं समाधानही मिळालं असतं.

शिवाय ती शेअरविक्री तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या वार्षिक माहितीपत्रकात, दिसतेच. तोटा असो वा नफा, विक्री रिटर्नमध्ये नसेल तर उद्या विचारणा येऊ शकते. त्यामुळे दाखवायचाच. फक्त तो डिलिव्हरीचा व्यवहार होता ना, म्हणजे शेअर तुमच्या खात्यात जमा झाले होते ना, एवढं बघून घ्या. इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकलेले) असेल तर तो सट्ट्याचा व्यवहार धरला जातो, वजावट अशी मिळत नाही आणि रिटर्नचा फॉर्मही आयटीआर-३ लागतो.

आता फी. आयकर पोर्टलवर रिटर्न भरणं सगळ्यांसाठी फुकट आहे, भांडवली नफा असला तरी. अ‍ॅप पैसे घेतं ते कागद एकत्र करून हिशोब मांडण्याचे. ज्याचे तीन ब्रोकर आणि शेकडो व्यवहार आहेत त्याने ते जरूर द्यावेत, त्याची एक सुट्टी वाचते. तुमचं तसं नाही. नफा सव्वा लाखाच्या वर आणि सोबत अल्पकालीन तोटा, म्हणून आयटीआर-१ चालणार नाही, आयटीआर-२ लागेल. नाव ऐकून घाबरू नका. पगार, टीडीएस, बँकेचं व्याज बऱ्याच अंशी आधीच भरलेलं येतं. नवी करपद्धत तुमच्या कंपनीने धरली आहे ती बरोबरच आहे. तुमची ८०सी कलमाखालची करबचतीची दीड लाखाची गुंतवणूक धरूनही जुन्या पद्धतीत लाखभर रुपये जास्त गेले असते.

तुम्हाला हाताने भरायचं आहे ते दोन ठिकाणी. फंडांसाठी कॅम्स किंवा केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडून कॅपिटल गेन स्टेटमेंट मागवा, ते ईमेलवर फुकट येतं. शेअरसाठी ब्रोकरच्या साइटवरून टॅक्स पी अँड एल (करासाठीचा नफा-तोट्याचा तक्ता) उतरवून घ्या. ३१ जानेवारी २०१८ नंतर घेतलेल्या युनिट्सची शेड्यूल ११२ए मध्ये (फॉर्ममधला या नफ्याचा तक्ता) एकत्रित नोंद चालते, एकेक ओळ भरावी लागत नाही. त्याआधीची युनिट्स असतील तर मात्र प्रत्येक फंडाची त्या दिवसाची किंमत लागते. तसं असेल तर सीएंना ४,००० देण्यात मला काही वावगं वाटत नाही. कंपनीने परदेशी शेअर दिले असतील तरीही सीएकडेच जा. परदेशी मालमत्ता रिटर्नमध्ये न दाखवल्यास दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो, तिथे फीची काटकसर करू नये.

अ‍ॅपवर घातलेले तीन तास फुकट गेले असं मनाला लावून घेऊन पैसे भरू नका. तो हिशोब कागदावर उतरवून ठेवा, पोर्टलवरचे आकडे पडताळायला कामी येईल.

रिफंडच्या टक्केवारीवर काम करणाऱ्या त्या माणसाबद्दल मी कळकळीने सांगते, त्याला पॅन आणि पासवर्ड देऊ नका. रिफंड वाढवायचा म्हणजे न केलेल्या देणग्या, नसलेलं घरभाडं, खोटे खर्च दाखवायचे. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने अशाच खोट्या वजावटींच्या प्रकरणी देशभरात १५० ठिकाणी कारवाई केली. चुकीची माहिती देऊन कर बुडवला तर दंड बुडवलेल्या कराच्या २०० टक्के असतो आणि तो करदात्याला बसतो. एजंट त्याचे १० टक्के घेऊन कधीच निघून गेलेला असतो.

रिटर्न भरण्याआधी पोर्टलवरच्या ‘ई-पे टॅक्स’मध्ये सेल्फ असेसमेंट टॅक्स, कोड ३००, निवडून राहिलेला कर भरा. तुमच्या एफडीवर बँकेने १० टक्के कापले असतील, पण तुम्ही १५ टक्क्यांच्या टप्प्यात आहात, तेव्हा त्यातलाही थोडा फरक निघेल. मुदत ३१ जुलै आहे, पण शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

आणि सबमिट केल्यावर लगेच आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा, म्हणजे रिटर्न तुमचंच आहे याची ऑनलाइन खात्री द्या. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी अ‍ॅपला पैसे भरले, ‘फाइल झालं’ असा मेसेज आला, त्या निश्चिंत झाल्या. व्हेरिफिकेशन राहिलं होतं. त्यासाठी ३० दिवस असतात, त्यांना कळलं ऑक्टोबरमध्ये. तोवर मुदत उलटली होती, ५,००० रुपये विलंब शुल्क बसलं आणि पुढच्या वर्षांत ओढायचा शेअरमधला तोटा कायमचा गेला. तुमचा ४२ हजारांचा तोटा यंदाच वापरला जातोय, तेवढं एक बरं आहे.

सगळं भरून झाल्यावर भांडवली नफ्यावरचा कर २,९९० च्या आसपास दिसला पाहिजे. वेगळा आकडा आला तर सबमिट करू नका, ड्राफ्ट तसाच ठेवा आणि दोन्ही स्टेटमेंट घेऊन सीएंकडे जा. ‘भरून द्या’ म्हणू नका, ‘एवढं तपासून द्या’ म्हणा. त्याची फी ४,००० असणार नाही.