तुम्ही विचारलंत : व्हिडिओ रूपांतरातली ‘ॲडव्हान्स्ड’ सेटिंग्ज

खालच्या उत्तरांत सेटिंग्जची नावं हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधली आहेत. इतर सॉफ्टवेअरांत नावं थोडी बदलतात, काम तेच असतं.

प्रश्न : चित्र जास्त चांगलं यावं म्हणून आरएफ २२ वरून १४ वर आणला. १ जीबीच्या फाइलची अडीच जीबी झाली, दिसायला मात्र काहीच फरक नाही. असं का?

आरएफ (काही ठिकाणी त्यालाच सीआरएफ म्हणतात) चित्र सुधारत नाही. मुळात जे आहे त्यातलं किती जपायचं, एवढंच तो ठरवतो. तुमची मूळ फाइल आधीच एकदा कॉम्प्रेस झालेली आहे. त्या वेळी उमटलेले बारीक चौकोन, कडांभोवतीची थरथर, अंधारातले दाणे हे सगळं आता चित्राचाच भाग आहे. एन्कोडरला (व्हिडिओ कॉम्प्रेस करणाऱ्या भागाला) तोही खरा तपशील वाटतो आणि १४ वर तो सगळा जपायला जातो. वाढलेली जागा त्यातच गेली.

आकडा जेवढा लहान, तेवढी फाइल मोठी. साधारण ६ ने खाली आलात की बिटरेट (सेकंदाला खर्च होणारा डेटा) जवळपास दुप्पट होतो, म्हणजे ८ ने उतरल्यावर अडीचपट होणं हिशेबाला धरूनच आहे. आरंभासाठी ५७६ ओळींच्या व्हिडिओला १८ ते २२, ७२०ला १९ ते २३, १०८०ला २० ते २४ आणि फोर-केला २२ ते २८ घ्या.

यातला नेमका आकडा मात्र तुमच्याच व्हिडिओवर ठरवा. ‘रेंज’मध्ये सेकंद निवडून ३० सेकंदांचा सर्वांत अवघड तुकडा काढा: वाहतं पाणी, धूर, गर्दी, अंधारी खोली. तो २०, २२ आणि २४ वर रूपांतरित करून पूर्ण पडद्यावर बघा. आकाशात किंवा भिंतीच्या सावलीत पट्टे दिसतात का, चेहऱ्याची त्वचा मेणासारखी गुळगुळीत होते का, हे तपासा. ज्या सर्वांत मोठ्या आकड्यापर्यंत हे दिसत नाही, तो तुमचा आकडा. त्यानंतर एन्कोडर प्रीसेट (वेगाची तयार सेटिंग) ‘मीडियम’वरून ‘स्लो’वर न्या. वेळ जास्त लागेल, पण तेवढ्याच जागेत चित्र जास्त नीट बसतं. ‘प्लासिबो’ला हात लावू नका, त्यातून मिळणारा फायदा लागणाऱ्या वेळाच्या मानाने नगण्य असतो.

ग्राफिक्स कार्डावरचे एन्कोडर झटपट काम उरकतात, पण त्यांचा २२ आणि एक्स२६४ या प्रोसेसरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअर एन्कोडरचा २२ सारखा नव्हे. तिथे चाचणी नव्याने करावी लागते. जपून ठेवायच्या फाइलला आम्ही सॉफ्टवेअर एन्कोडरच सुचवू.

प्रश्न : मोबाइलवरचं भाषण एडिटिंगसाठी एमपी४मध्ये बदललं. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, शेवटी आवाज पुढे पळतो.

फरक हळूहळू वाढतोय, म्हणजे मोबाइलने बदलता फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) वापरलाय. प्रकाश कमी झाला की फोन फ्रेम सावकाश टिपतो; सेकंदाला कधी ३०, कधी २४. पुष्कळ एडिटिंग सॉफ्टवेअर सगळ्या फ्रेम समान अंतरावर आहेत असं धरून चालतात आणि गणित बिघडतं. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, ‘फ्रेमरेट मोड’पुढे ‘व्हेरिएबल’ लिहिलेलं असेल.

मूळ मोबाइल फाइल पुन्हा घ्या. हँडब्रेकच्या ‘व्हिडिओ’ टॅबमध्ये फ्रेमरेट ३० निवडा आणि खालचा पर्याय ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ करा. फक्त ३० निवडून ‘पीक फ्रेमरेट’ तसाच ठेवला तर दोष कायम राहतो. बहुतेकांचं इथेच अडतं. ही फाइल पुढे एकदा पुन्हा एन्कोड होणार आहे, म्हणून इथे आरएफ १६ ते १८ ठेवणं योग्य. एडिटिंग त्यानंतरच सुरू करा.

फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच असेल, तर फ्रेमरेटचा संबंध नाही. एडिटरमध्ये ऑडिओ ट्रॅक तेवढा सरकवला की झालं.

प्रश्न : जुन्या कॅमकॉर्डर टेपवरून घेतलेल्या व्हिडिओत माणूस हलला की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा येतात.

तो इंटरलेस्ड व्हिडिओ आहे. पाल पद्धतीत (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीत) सेकंदाला ५० अर्धचित्रं असतात. एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. दोन्ही वेगवेगळ्या क्षणी टिपलेली असल्याने एकत्र दाखवली की हलत्या वस्तूची कड फाटते. ‘फिल्टर्स’मध्ये डीइंटरलेससाठी (अर्धचित्रांच्या पूर्ण फ्रेम करण्यासाठी) ‘बीडब्ल्यूडिफ’ किंवा ‘यॅडिफ’ निवडा आणि प्रीसेट ‘बॉब’ ठेवून फ्रेमरेट ५० करा. मग प्रत्येक अर्धचित्राची पूर्ण फ्रेम होते आणि हालचाल टेपवर होती तशीच सलग राहते. २५ वर आणलंत तर निम्मी हालचाल कायमची जाते. चित्र मागेपुढे हिसके देत असेल तर ओळींचा क्रम उलटा धरला गेलाय. फील्ड ऑर्डर बदलून बघा.

हे काम आकार बदलण्याच्या आधी व्हायला हवं. फाटलेल्या ओळी लहानमोठ्या करताना एकमेकींत मिसळल्या, की पुढे कोणताही फिल्टर त्या वेगळ्या करू शकत नाही. म्हणून आधीच ७२०वर वाढवलेली फाइल असेल तर ती बाजूला ठेवा आणि टेपवरून उतरवलेली पहिली फाइल शोधा.

प्रश्न : ४५ मिनिटांचं व्याख्यान ५०० एमबीत बसवायचंय.

इथे आरएफ कामाचा नाही, ‘ॲव्हरेज बिटरेट’ आणि ‘मल्टी-पास’ (व्हिडिओ एकाहून जास्त वेळा तपासून एन्कोड करणं) लागतील. एमबीला ८००० ने गुणा आणि सेकंदांनी भागा: ४० लाख भागिले २७००, म्हणजे सुमारे १४८० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट). त्यातून आवाजाचे १२८ वजा करा, थोडी जागा राखा आणि १३०० भरा. एवढ्या बिटरेटवर १०८० डागाळलेलं दिसलं तर ७२० करा.

प्रश्न : एमकेव्हीचं एमपी४ करताना दर्जा किती घटतो?

एमकेव्ही आणि एमपी४ हे चित्र-आवाज ठेवायचे नुसते डबे आहेत. आत एच.२६४ व्हिडिओ आणि एएसी आवाज असेल तर अजिबात घटू द्यायची गरज नाही. हँडब्रेक चित्र नेहमी पुन्हा एन्कोड करतं, म्हणून ते इथे वापरू नका. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमधला ‘कॉपी’ पर्याय किंवा लॉसलेसकट हे सॉफ्टवेअर घ्या: फक्त डबा बदलतो, आतलं जसंच्या तसं राहतं आणि सहसा मिनिटभरात काम होतं.