ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममधली गर्दी कुठं गेली?

प्रश्न : नमस्कार, मी उदगीरचा. लातूरला इंजिनिअरिंगला असताना आम्ही रूमवरची पोरं मिळून ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम (एकाच जगात हजारो जण आपापलं पात्र घेऊन फिरतात तो) खेळायचो, गिल्ड म्हणजे आमची टोळी होती, रात्र रात्र जागायचो. आता लॉगिन केलं तर फ्रेंड लिस्टमधी सगळे ऑफलाइन. पुतण्याला दाखवला तर जरा वेळात उठला, म्हणाला काका यात नुसतं चालायचंच हाय, मारामारी कधी सुरू व्हायची? हे गेम संपायलेत का, आणि का?

उत्तर : दादा, संपले नाहीत पण गर्दी पांगली हे खरंय. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचंच बघा, २००४ च्या नोव्हेंबरात आला, २०१० ला सबस्क्रायबर १ कोटी २० लाखांवर गेले आणि मग जी उतरती लागली ती २०१५ मधी ५५ लाखांवर आली तेव्हा कंपनीनं आकडा सांगायचंच बंद केलं.

मला सगळ्यात मोठं कारण वाटतं ते सोयीचं. आधी गुहेत जायचं तर चॅटमधी हाका मारून माणसं गोळा करावी लागायची, एकजण जेवायला गेला की बाकीचे गप्पा हाणत बसायचे, आणि कोणी लबाडी केली तर सर्व्हरभर, म्हणजे गेमच्या त्या अख्ख्या जगात, त्याचं नाव खराब व्हायचं. २००९ च्या डिसेंबरात वॉरक्राफ्टमधी असं बटण आलं की दाबलं की गेमच वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाचजण जमवून थेट आत नेऊन सोडतो. वेळ वाचला, पण त्या पाचजणांची परत गाठ पडायची नाही म्हणून कोणी कोणाशी बोलंना. आठवडी बाजारासारखंच हाय हे, भाजीपेक्षा भेटीगाठीसाठी जाणारे लई असतात. गर्दी होती तेव्हा काय काय घडायचं बघा, २००५ मधी त्याच गेममधी एका बॉसनं म्हणजे मोठ्या शत्रूनं लावलेला रोग खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांसोबत शहरात पोचला, रस्त्यावर सापळ्यांचा खच पडला, काहीजण बरं करायला धावले तर काही मुद्दाम पसरवत फिरले, पुढं साथरोगांच्या अभ्यासकांनीही त्याची दखल घेतली. हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं, एका जागी हजारो माणसं होती म्हणून घडलं.

आणि आता गप्पांसाठी गेम लागतच नाही, व्हॉट्सॲप हाय, डिस्कॉर्ड हाय.

तुमच्या पुतण्याचंही बरोबरच हाय. २००९ ला लीग ऑफ लेजंड्स हा दोन टीमच्या मारामारीचा गेम फुकटात आला, अर्ध्या-पाऊण तासात मॅच खलास. आपल्याकडं तर २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, २०१८ ला पबजी मोबाइल, त्यामुळं उदगीर काय न् गंगाखेड काय, पोरांचा पहिला गेमच फोनवरचा, कॉम्प्युटर घ्या, दर महिन्याला डॉलरमधी पैसे भरा आणि मधीच लाइट गेली की रेडमधून, म्हणजे टोळीनं मिळून केलेल्या चढाईतून, बाहेर, हे कोण करणार?

नवीन गेम काढणारेही घाबरतात कारण वर्षानुवर्षं खपून जे बनवलं ते लोक काही आठवड्यांत संपवतात आणि पुढचं कुठंय म्हणून विचारतात. ॲमेझॉनचा न्यू वर्ल्ड २०२१ ला आला तेव्हा स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानावर एका वेळी ९ लाखांहून जास्त लोक होते, काही महिन्यांत त्यातले बहुतेक गेले.

तरी ओढ मेली असं मी मानत नाही. ओल्ड स्कूल रूनस्केप म्हणजे २००७ चाच जुना गेम, खेळाडूंनी मागणी केली म्हणून २०१३ ला परत आला, वॉरक्राफ्टचीही जुनी आवृत्ती २०१९ ला काढावी लागली.

तुम्ही एक करा, रूमवरच्या पोरांना फोन लावा आणि ओल्ड स्कूल रूनस्केपच घ्या, फोनवर चालतो, सुरुवात फुकट हाय आणि संथ गेम असल्यानं पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) जास्त असली तरी निभतं. फक्त आत जाताना सगळ्यांनी फुकटवाला एकाच नंबरचा वर्ल्ड म्हणजे सर्व्हर निवडा, नाहीतर सगळे ऑनलाइन असूनही कोणी कोणाला दिसणार नाही.